वाचकांचे प्रश्न: ‘म्हणून’च्या आधी काय दडलंय?

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की आपल्या रोजच्या वादांमध्ये जे बोललं जातं त्यापेक्षा जे गृहीत धरलं जातं त्यावरच सगळा वाद उभा असतो, आणि तुमच्याकडचे असे वाद पाठवा. पत्रं खूप आली. सगळी घेता येणार नाहीत, पण ही काही घेतेय, थोडी छोटी करून.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मुलुंडला आमचा वन बीएचके आहे, तो आम्ही भाड्याने देतो. या वेळी नोकरी करणारी एक मुलगी आली, सगळे कागद व्यवस्थित, डिपॉझिट द्यायला तयार. पण सेक्रेटरी काका म्हणाले, “मुलगी एकटी राहणार, त्यात रात्री बारा-एकला घरी येणार, म्हणजे सोसायटीला त्रास होणारच.” मला तिथल्या तिथे काही बोलता आलं नाही कारण ते म्हणाले त्यात खोटं काहीच नव्हतं, ती एकटीच आहे आणि तिची शिफ्ट रात्रीच संपते. तरी मला हे चुकीचं का वाटतंय?
— एक फ्लॅटमालक, ठाणे

उत्तर: तुम्हाला वाटतंय ते बरोबर वाटतंय. तुम्ही काकांची बोललेली वाक्यं तपासलीत, ती खरी निघाली, आणि म्हणून तुम्ही गप्प बसलात. पण “रात्री उशिरा येणार” आणि “त्रास होणारच” यांच्या मध्ये अजून एक वाक्य आहे जे काकांनी उच्चारलंच नाही. ते असं की एकटी राहणारी मुलगी रात्री उशिरा येत असेल तर तिच्यामुळे शेजाऱ्यांना त्रास होतोच. हे वाक्य काढून टाका आणि परत वाचा, मग पहिल्या वाक्यावरून दुसरं निघतच नाही.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा, हे मधलं वाक्य काकांनी म्हटलं नाही तरी तुमच्या डोक्यात आलं, म्हणजे ते तुम्हीच भरलंत. आणि जे आपण स्वतः भरतो ते आपल्याला बाहेरून लादलेलं वाटत नाही, आपलंच वाटतं, त्यामुळे त्याला विरोध करायचं सुचतच नाही. ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’ या ग्रंथात अशा युक्तिवादाला, त्याला एन्थिमीम म्हणतात, मन वळवण्याच्या कलेचं शरीरच म्हटलंय, म्हणजे बाकी सगळं त्याच्याभोवतीचं. १९५९ मध्ये लॉईड बिट्झर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने यावर एक लेख लिहिला, त्यात त्याने हेच नेमकं पकडलं की हा युक्तिवाद बोलणारा एकटा बनवत नाही, बोलणारा आणि ऐकणारा दोघं मिळून बनवतात. मला स्वतःला या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण यात तुमच्या हातात काय आहे तेही कळतं. अर्धा युक्तिवाद तुमचा आहे, तर तुम्ही तो पुरा करायचं नाकारू शकता.

कसं नाकारायचं? भांडून नाही. “तुम्ही बायकांना कमी लेखता” असं पहिल्याच वाक्यात म्हणालात तर काका म्हणतील “मी असं कुठे म्हणालो?” आणि ते खरंच म्हणालेले नाहीत. त्यापेक्षा साधं विचारा, “काका, त्रास म्हणजे नक्की कसला?” आता ते वाक्य त्यांना स्वतः पुरं करावं लागेल. कदाचित ते म्हणतील अकराला गेटला कुलूप लागतं आणि वॉचमनला उठवावं लागतं. छान, मग प्रश्न चावीचा आहे, एक जादा चावी करून मिटला. कदाचित म्हणतील रात्री लिफ्टचा आवाज होतो. मग हे विचारा की बिल्डिंगमध्ये रात्री उशिरा येणारं दुसरं कोणी नाहीये का, कुणी नर्स असेल, कुणी मोटरमन, कुणी एअरपोर्टवर काम करणारं, मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत एक-दोन तरी अशी माणसं सापडतात. त्यांच्या येण्याने त्रास होत नसेल तर न बोललेलं वाक्य ‘उशिरा येणाऱ्यांमुळे त्रास होतो’ हे नव्हतंच, ते ‘एकट्या मुलीमुळे त्रास होतो’ हे होतं. ते मोठ्याने, मीटिंगमध्ये, मिनिट्समध्ये लिहिलं जाईल अशा रीतीने म्हणायची तयारी आहे का हे मग काकांना ठरवू दे. बरीच माणसं तिथे थांबतात, कारण हे वाक्य मनात असतं तोवर ठीक वाटतं, तोंडातून काढायची वेळ आली की त्यांचं त्यांनाच पटत नाही.

सोसायटीला असं अडवायचा अधिकार आहे की नाही हा कायद्याचा भाग आहे, तो उपविधी जाणणाऱ्या माणसाला विचारा. आणि त्या मुलीला ताटकळत ठेवू नका, लवकर काय ते कळवा.

प्रश्न: ताई, मी आणि मिसेसने ठरवलंय की मुलाला मराठी शाळेत घालायचं. आई रोज म्हणते, “इंग्लिश मीडियमलाच घाला, नाहीतर उद्या नोकरी मिळणार नाही.” मी म्हणतो तुला मराठीची लाज वाटते. मग ती रडते. घरातलं वातावरण खराब झालंय. ती चुकीची आहे हे तिला कसं पटवू?
— एक बाप, लालबाग

उत्तर: दादा, आधी तुमचंच सांगते. आईने जे म्हटलं नाही ते तुम्ही तिच्या तोंडी घातलंत. तिच्या वाक्यात गाळलेली जागा आहे हे बरोबर, पण गाळलेल्या जागेत काय भरायचं याला नियम आहे, तर्कशास्त्र शिकवताना हा नियम सगळ्यात आधी सांगायला पाहिजे असं माझं मत आहे आणि सगळ्यात शेवटी सांगितला जातो. नियम असा की समोरच्याचा युक्तिवाद जास्तीत जास्त शहाणा वाटेल असं वाक्य तिथे भरायचं, जे तो माणूस ऐकल्यावर “हो, हेच म्हणायचंय मला” असं म्हणेल. ‘मराठीची लाज वाटते’ हे भरलंत तर आईचा युक्तिवाद जुळतसुद्धा नाही, कारण लाजेवरून नोकरीचा निष्कर्ष निघत नाही. म्हणजे ते तिच्या युक्तिवादातलं वाक्य नाहीच, तो तिच्यावरचा आरोप आहे.

मग तिच्या वाक्यात खरोखर काय दडलंय? मला दोन वाक्यं दिसतात, एकावर एक. पहिलं, चांगल्या नोकरीला चांगलं इंग्रजी लागतं. दुसरं, चांगलं इंग्रजी फक्त इंग्लिश मीडियमच्या शाळेतच येतं. पहिलं तुम्हालाही मान्य असणार, या शहरात नोकरी शोधलेल्या कुणाला ते नाकारता येईल? तुमचा खरा मतभेद फक्त दुसऱ्यावर आहे. पण इतके दिवस भांडण तिसऱ्याच गोष्टीवर चाललंय, मराठीवर प्रेम कुणाचं जास्त यावर, आणि त्याचा निकाल कधीच लागणार नाही.

दुसऱ्या वाक्यावर मात्र बोलता येतं, तपासता येतं. शाळेत जा, आईलाही घेऊन जा, इंग्रजी कोण शिकवतं, कितवीपासून शिकवतात, सेमी इंग्लिशमध्ये गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं ते कसं चालतं, सातवी-आठवीतली मुलं इंग्रजी पुस्तक वाचू शकतात का हे बघा. कदाचित आईची शंका खरी निघेल त्या एका शाळेपुरती, मग दुसरी शाळा बघा. तुमच्या निर्णयाच्या मी मनापासून बाजूने आहे, मुलाने ज्या भाषेत स्वप्नं बघायची त्या भाषेत शिकावं असं मला वाटतं, पण म्हणूनच सांगते की मराठी शाळेची बाजू आईला रडवून मांडायची नसते. आज घरी गेल्यावर एवढंच विचारा, “आई, तुला त्याच्या इंग्रजीची काळजी वाटतेय ना?”

प्रश्न: मी बारावी आर्ट्सला आहे, लॉजिक घेतलंय. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये आहे की ज्या युक्तिवादात एखादं विधान गाळलेलं असतं तो अपूर्ण युक्तिवाद, आणि त्याचे तीन प्रकार. मग अपूर्ण म्हणजे चुकीचा का? आणि ॲरिस्टॉटलनेच हे तीन प्रकार सांगितले का?
— विद्यार्थिनी, परळ

उत्तर: छान प्रश्न, आणि दोन्हीचं उत्तर नाही असं आहे.

तीन प्रकार तुला पाठ असतीलच, गाळलेलं वाक्य सर्वसाधारण नियमाचं असेल तर पहिला, त्या विशिष्ट गोष्टीबद्दलचं असेल तर दुसरा, आणि निष्कर्षच गाळला असेल तर तिसरा. परीक्षेत हेच लिही. पण ही विभागणी नंतरच्या परंपरेची आहे. ॲरिस्टॉटलचा मुद्दा वेगळा होता, तो म्हणतो की हा युक्तिवाद बहुतेक वेळा घडणाऱ्या गोष्टींवरून किंवा खुणांवरून केलेला असतो, आणि तो छोटा असतो कारण ऐकणाऱ्याला माहीत असलेलं परत सांगायची गरज नसते. त्याचं उदाहरण डोरिअस नावाच्या खेळाडूचं आहे. डोरिअसने मुकुटाचं बक्षीस असलेली स्पर्धा जिंकली हे सांगायचं असेल तर तो ऑलिम्पियात जिंकला एवढं म्हटलं की पुरे, ऑलिम्पियाला मुकुट मिळतो हे वेगळं सांगायला नको, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना म्हणजे त्या काळच्या ग्रीकांना, आज मला आणि तुला ते सांगावं लागतं.

आपल्याकडचं बघ. “बोरिवलीला उतरायचंय ना, मग विरार फास्टमध्ये कशाला चढतेस?” हे वाक्य संध्याकाळी दादर स्टेशनवर पूर्ण आहे, त्याला काहीही जोडायची गरज नाही. तेच नागपूरहून काल आलेल्या मुलीला सांग, तिला कळणारच नाही, ती म्हणेल गाडी बोरिवलीला थांबते की, मग का नको? तिला गर्दीच्या वेळी विरारवाल्यांमधून दरवाज्यापर्यंत पोचणं काय असतं ते माहीत नाही. म्हणजे युक्तिवाद पूर्ण आहे की अपूर्ण हे नुसतं कागदावरून ठरत नाही, कोण कुणाला सांगतंय त्यावर ठरतं, आणि मला वाटतं तुझ्या नोट्समध्ये हे एक वाक्य असायला हवं होतं.

आणि चूक-बरोबर वेगळं. ॲरिस्टॉटल खुणांमध्येही फरक करतो. बाईला दूध येतंय म्हणजे ती बाळंत झालेली आहे, ही त्याच्या मते पक्की खूण. पण श्वास जोरात चाललाय म्हणजे ताप आहे, ही कच्ची, कारण ताप नसतानाही धाप लागते, स्टेशनचा पूल धावत चढलेल्या कुणालाही विचार. दोन्हीकडे एक वाक्य गाळलंय पण एक टिकतो आणि दुसरा टिकत नाही. तेव्हा आधी गाळलेलं वाक्य लिहून काढ आणि मग ते खरं आहे का बघ, या दोन पायऱ्या वेगळ्या ठेव.

प्रश्न: ग्रीकांचं पुरे, आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, पंचावयवी वाक्य आहे, पाचही भाग बोलून दाखवायचे. म्हणजे आपल्याकडे काही लपवायची सोयच नव्हती, बरोबर ना?
— निवृत्त शिक्षक, गिरगाव

उत्तर: सर, अर्धं बरोबर. पाच भाग आहेतच, डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे धूर तिथे आग असते जसं स्वयंपाकघरात, इथेही तसाच धूर आहे, म्हणून इथे आग आहे. यातला तिसरा भाग मला फार आवडतो, कारण जे वाक्य आपण नेमकं गाळतो ते इथे उदाहरणासकट बोलावं लागतं. पण हे पाच भाग दुसऱ्याला पटवताना लागतात, स्वतःपुरतं अनुमान करताना नाही, हा फरक नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडितही, करतात. आणि पाचच पाहिजेत यावर आपल्याकडेही एकमत नव्हतं, मीमांसकांना, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांना, तीन पुरेसे वाटत होते. बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती, सातव्या शतकातला, तर म्हणतो की जाणत्या माणसाला नुसता हेतू, म्हणजे कारण, सांगितला तरी पुरे, ‘विदुषां वाच्यो हेतुरेव हि केवलः’. ऑलिम्पियाच्या मुकुटाची गोष्ट आणि ही गोष्ट किती जवळ आली बघा.

त्याहून जवळचं आपल्या मीमांसेत आहे. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही. आता काय म्हणायचं? तो रात्री जेवत असणार, नाहीतर दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. याला अर्थापत्ती म्हणतात, नैयायिक तिला अनुमानातच धरतात आणि मीमांसक स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवायचं वेगळं साधन, मानतात. पुढे मीमांसकांमध्येही वाद झाला की वाक्य ऐकताना आपण भर घालतो ती शब्दांची की नुसत्या अर्थाची, कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणाले शब्दांची, प्रभाकराचे म्हणाले अर्थाची. मला कुमारिलांची बाजू जास्त उपयोगाची वाटते. शब्द भरले असं मानलं की ते शब्द कुठले हे विचारता येतं, लिहून काढता येतं, नुसता अर्थ भरला म्हटलं की तो हातात सापडत नाही.

आणि उपाधी, म्हणजे अनुमानात लपून राहिलेली अट, विसरू नका. धुरावरून आग ओळखता येते, पण आगीवरून धूर म्हणाल तर चुकलं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे आणि धूर नाही. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. ही ओल्या सरपणाची अट म्हणजेच न सांगितलेलं वाक्य, आणि ती शोधायची शिस्त आपल्याकडे फार बारकाईने घडवलेली आहे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ तुमच्याकडे असेलच, नसेल तर आठल्ये आणि बोडस यांची जुनी आवृत्ती मिळवा, १८९७ मध्ये आपल्या मुंबईतूनच बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये निघाली होती, तिच्यातल्या टिपा आजही वाचण्यासारख्या आहेत.

प्रश्न: गोरेपणाच्या क्रीमच्या जुन्या जाहिराती आठवतात? मुलगी क्रीम लावते, उजळते, नोकरी मिळते. एकही वाक्य खोटं नव्हतं कारण वाक्यच नव्हतं. मग आक्षेप कशावर घ्यायचा?
— कॉपीरायटर, अंधेरी

उत्तर: चित्रं एकापुढे एक ठेवली की मधलं ‘म्हणून’ बघणारा स्वतः घालतो, आणि त्या ‘म्हणून’च्या पोटात हे होतं की सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही. आक्षेप त्यावरच घ्यायचा आणि तो घेतलाही गेला. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, १९८५ पासून आपल्या मुंबईतच आहे, तिने २०१४ मध्ये नियम केले की रंगावरून भेदभाव होईल किंवा सावळी व्यक्ती नाराज, अपयशी दिसेल असं दाखवायचं नाही. म्हणजे शब्दांत नसलेलं विधानही विधान म्हणून धरलं गेलं. २०२० मध्ये त्या सगळ्यात प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेलं. तुम्ही याच धंद्यात आहात म्हणून सांगते, स्टोरीबोर्ड तयार झाला की दोन फ्रेमच्या मध्ये बघणारा कुठलं वाक्य घालेल ते एका कागदावर लिहा, आणि ते वाक्य तुम्ही तुमच्या मुलीला वाचून दाखवाल का बघा.

प्रश्न: मॅडम, तुमचा लेख वाचल्यापासून मी घरात प्रत्येक गोष्टीत “तुझं गृहीत काय आहे” विचारायला लागले आणि नवरा वैतागलाय. परवा तो म्हणाला, “फोन उचलला नाहीस, म्हणजे तुला काही पडलेलीच नाही.” मी म्हटलं यात एक विधान गाळलेलं आहे. तो उठून गेला. कुठे थांबायचं हे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: थांबायलाच पाहिजे, आणि ते तर्काच्या दृष्टीनेही खरं आहे. ‘ॲलिस इन वंडरलँड’ लिहिणाऱ्या लुईस कॅरोलने १८९५ मध्ये ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटा संवाद लिहिला, ग्रीक वीर अकिलीस आणि कासवाचा. कासव दोन विधानं मान्य करतं पण निष्कर्ष मान्य करत नाही. अकिलीस म्हणतो, ही दोन खरी असतील तर निष्कर्ष खराच असणार. कासव म्हणतं ठीक आहे, हे पण वहीत लिही, तिसरं विधान. लिहिलं. आता तिन्ही खरी असतील तर निष्कर्ष खरा, हे चौथं विधान, तेही लिही. हे संपतच नाही. सगळंच बोलून दाखवायचं ठरवलं तर कुणीच कधी कशावर पोचणार नाही.

कोर्टातसुद्धा सगळं उलगडत नाहीत. चोरीनंतर लगेच कुणाकडे चोरीचा माल सापडला तर तो एकतर चोर असावा किंवा चोरीचा आहे हे माहीत असून त्याने तो घेतला असावा, असं गृहीत धरायची मुभा कायद्याने न्यायालयाला दिलेली आहे, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ११४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ खाली. पण ही नुसती मुभा आहे, सक्ती नाही, आणि माल आपल्याकडे कसा आला याचा त्या माणसाने खुलासा केला तर तो विचारात घ्यावाच लागतो. मला ही पद्धत घरातही योग्य वाटते, गृहीत धरा, पण समोरच्याला खुलासा करायला जागा ठेवा.

तुमच्या बाबतीत, गाळलेलं वाक्य काय होतं ते तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं, ‘ज्याला पडलेली असते तो फोन उचलतो’. मग ते त्याच्याकडून वदवून घ्यायची गरज नव्हती. तुम्ही का उचलला नाहीत ते सांगायला हवं होतं, मीटिंग होती, गाडीत गर्दी होती, बॅगेतून हात बाहेर येत नव्हता, जे असेल ते. गृहीत विचारायचं ते तेव्हा, जेव्हा ते तुम्हाला माहीत नाही किंवा त्यावर तुमचा खरा मतभेद आहे. इथे दोन्ही नव्हतं. आज त्याला फोन करा आणि कारण सांगा, आणि तो इतका का घाबरला होता तेही विचारा, कारण पडलेली नाही असं तो म्हणाला त्याच्या आधी त्याच्या मनात आणखी काहीतरी झालं असणार.